व्हीएमवेअरवरून प्रॉक्समॉक्सवर: अंबडमधील नऊ मशीनांचे स्थलांतर

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या सुट्या भागांच्या कारखान्यात दोन सर्व्हर असून त्यांवर नऊ व्हर्च्युअल मशीन (म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) चालतात: हिशेब, हजेरी, फाइल सर्व्हर, डिझाइन विभागाचा परवाना सर्व्हर आणि किरकोळ कामांची पाच लिनक्स मशीन. हे सगळे व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणालीवर होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतल्यावर कायमस्वरूपी परवाने बंद होऊन वर्गणी आली, आणि ती प्रत्येक प्रोसेसरमागे किमान १६ कोअर (प्रोसेसरमधील गणना करणारे भाग) धरून मोजली जाते. आमच्या प्रत्येक सर्व्हरमध्ये आठ कोअरचे दोन प्रोसेसर आहेत, म्हणजे प्रत्यक्षातले ३२ कोअर हिशेबात ६४ होतात. प्रॉक्समॉक्स व्हीई या डेबियनवर आधारलेल्या मुक्त प्रणालीची वर्गणी प्रोसेसरच्या सॉकेटवर, म्हणजे कोअरऐवजी प्रोसेसरच्या संख्येवर, आकारली जाते आणि ती न घेताही प्रणालीतील सर्व सोयी वापरता येतात. एवढा हिशेब मांडल्यावर निर्णयाला वेळ लागला नाही.

एप्रिल २०२४ च्या ८.२ या आवृत्तीबरोबर आलेली आयातीची सोय हे या उत्पादनाचे सर्वांत जमलेले अंग आहे. जुना ईएसएक्सआय होस्ट (ती प्रणाली चालवणारा सर्व्हर) येथे चक्क स्टोरेज म्हणून जोडायचा; पत्ता, वापरकर्ता आणि पासवर्ड दिला की त्यावरची मशीन यादीत दिसू लागतात, आणि एखादे निवडले की प्रोसेसर, मेमरी, डिस्क व नेटवर्क कार्ड यांचे रकाने आपोआप भरतात. मात्र व्हीसेंटरमार्फत (व्हीएमवेअरच्या मध्यवर्ती नियंत्रण सॉफ्टवेअरमार्फत) न जाता थेट होस्टलाच जोडावे, कारण व्हीसेंटरमार्फत वेग बराच घटतो. प्रत चालू असतानाच मशीन सुरू करण्याचीही सोय आहे. पण ती प्रत मध्येच फसली तर तेवढ्या वेळात लिहिलेली माहिती जाते, म्हणून हिशेबाच्या मशीनसाठी मी ती वापरली नाही.

गिगाबिट नेटवर्कवर ५०० जीबीची डिस्क साधारण सव्वा तासात यायला हवी. आमच्या फाइल सर्व्हरला जवळजवळ चार तास लागले, कारण त्यावर दोन वर्षांपूर्वी कुणीतरी (बहुधा मीच) घेतलेला स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणीची जपलेली स्थिती) तसाच पडून होता. स्नॅपशॉट आधी काढून टाकावेत, हे मला ठाऊक होते.

खरे काम सुरू होते ते डिस्क पोचल्यानंतर. विंडोजच्या पहिल्या मशीनवर घाईने मी मुख्य डिस्क थेट व्हर्टआयओ या व्हर्च्युअल मशीनसाठीच्या वेगवान डिस्क कंट्रोलरवर टाकली आणि निळ्या पडद्यावर ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ अशी अक्षरे उमटली. दोष प्रणालीचा नव्हता. विंडोजमध्ये त्या कंट्रोलरचा ड्रायव्हरच नव्हता. मग डिस्क पुन्हा साटा या विंडोजला ओळखीच्या कंट्रोलरवर आणली, मशीन सुरू झाले, सोबत एक जीबीची रिकामी व्हर्टआयओ डिस्क जोडून ड्रायव्हर बसवले, डिव्हाइस मॅनेजरमध्ये ती दिसल्याची खात्री केली, मशीन बंद करून मुख्य डिस्क बदलली आणि बूटचा क्रम तपासला. यानंतरची विंडोज मशीन प्रत्येकी वीस मिनिटांत मार्गी लागली. व्हीएमवेअर टूल्स (मशीनच्या आत बसवलेले व्हीएमवेअरचे सहायक सॉफ्टवेअर) मात्र हलवण्यापूर्वीच काढावेत. नंतर ते निघताना हटून बसतात. स्थिर आयपी पत्ता जुन्या, आता अस्तित्वात नसलेल्या कार्डाच्या नावे अडकून राहतो, तो कागदावर लिहून ठेवलेला बरा. लिनक्समध्ये नेटवर्क कार्डाचे नाव ईएनएस१९२ चे ईएनएस१८ झाले, ते नेटवर्कच्या फाइलमध्ये बदलले की झाले.

परवाना सर्व्हरच्या यूएसबी डोंगलची (परवाना पटवणाऱ्या, पोर्टात खोचायच्या किल्लीची) मला सर्वांत धास्ती होती, आणि तो सर्वांत सोपा निघाला. डोंगल पोर्टच्या क्रमांकावरूनही देता येतो आणि उपकरणाच्या ओळखीवरूनही. आम्ही दुसरा मार्ग घेतला, कारण सर्व्हर रूम झाडताना डोंगल कोणत्या भोकात परत जाईल याचा नेम नसतो. ते मशीन चालू स्थितीत एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेता येत नाही, एवढी अडचण उरते.

दोनच सर्व्हर जोडणाऱ्यांनी कोरमचा, म्हणजे निर्णयासाठी लागणाऱ्या बहुमताचा, विचार आधी करावा. एक सर्व्हर बंद पडला की दुसरा एकट्याच्या मतावर नवे मशीन सुरू करू देत नाही. वीज जाऊन येण्याची सवय असलेल्या आमच्यासारख्या ठिकाणी हे परवडणारे नाही, म्हणून स्टोअरमधल्या एका जुन्या डेस्कटॉपला क्यूडिव्हाइस (फक्त मत देणारे बाहेरचे यंत्र) करून तिसरे मत दिले. शहरातील एका पुरवठादाराने संपूर्ण स्थलांतर एका रात्रीत उरकण्याची हमी दिली होती. त्याच्या दरपत्रकात ड्रायव्हर, डोंगल आणि कोरम यांपैकी एकाचाही उल्लेख नव्हता, तेव्हा ते साभार परत केले.

एक बाब मात्र विकत घेण्यापूर्वी पाहावी. अधिकृत मदत ऑस्ट्रियातील कामकाजाच्या दिवसांनुसार मिळते, आणि सर्वांत स्वस्त वर्गणीत तर मदतच नसते. नाशिकला सकाळी नऊ वाजता पहिली पाळी भरात असते तेव्हा व्हिएन्नात उन्हाळ्यात साडेपाच आणि हिवाळ्यात साडेचार वाजलेले असतात. लिनक्सचे लॉग वाचू शकणारा माणूस कारखान्यात असेल तर मी हे उत्पादन निःशंकपणे सुचवीन. नसेल, तर आधी तो माणूस शोधावा. आमच्याकडे सध्या तो मीच आहे, आणि रजेचा अर्ज टाकण्यापूर्वी वर सांगितलेली प्रत्येक पायरी एका वहीत लिहून ती सर्व्हर रूमच्या दाराला टांगली आहे.