उंदीर की आर्माडिलो?

जळगावला एम.एस्सी. करणाऱ्या भाचीचा फोन आला. "मामा, कुष्ठरोगाच्या लसीवर सेमिनार आहे. लस प्रतिकारशक्ती किती वाढवते, हे मोजायचं. चाचणीसाठी उंदीर मांडू की आर्माडिलो, तो कवचवाला सस्तन प्राणी?" हा जंतू कृत्रिम माध्यमात वाढतच नाही, त्यामुळे प्राण्याशिवाय गत्यंतर नाही.

खर्च आणि सोय पाहिली तर उंदीर सरस. एकाच वंशाचे हवे तेवढे मिळतात. टी-पेशी (प्रतिकार करणाऱ्या रक्तपेशी) आणि इंटरफेरॉन-गॅमा (त्या सोडतात ते प्रथिन) मोजायची साधनं तयार असतात. आर्माडिलो अमेरिकेतला (आपलं खवल्या मांजर वेगळं), पिंजऱ्यात सहसा वीत नाही, त्याच्यासाठीची साधनंही मोजकीच.

वेळ दोघांनाही लागतो, कारण जंतू दुप्पट व्हायलाच साधारण दोन आठवडे जातात. उंदराच्या तळपायात जंतू टोचला की काही महिन्यांत उत्तर मिळतं. आर्माडिलोत वर्ष उलटतं.

खरा फरक मज्जातंतूंचा. चोपड्याकडे कुष्ठरोग झालेल्या एक मावशी कळण्याची भाकरी उलटताना पाहिल्या. बोट तव्याला टेकलेलं, फोड आलेला, आणि त्यांना पत्ताच नाही. ही बधिरता साध्या उंदरात उमटत नाही. आर्माडिलोचं शरीर थंड, ३२ ते ३५ अंशांचं. हा थंडावा जंतूला मानवतो, म्हणून तो अंगभर पसरतो आणि माणसासारखीच मज्जातंतूंना इजा होते. लेपव्हॅक्स या कुष्ठरोगाच्या लसीने ती इजा उशिरा होते, हे याच प्राण्यात दिसलं.

तर अनेक लसींतून एक निवडायची, मात्रा ठरवायची, तर उंदीर. निवडलेली लस हातापायाची संवेदना वाचवते का हे बघायचं, तर आर्माडिलो. तुझा सेमिनार प्रतिकारशक्तीच्या मोजमापावर आहे, तू उंदीरच घे.