खुंट्यांच्या मागावर विणलेले लोकरीचे बसकर : दिवाळीपासून श्रावणापर्यंतच्या वापराचा अनुभव

खुंट्यांचा माग इतका साधा असतो की प्रथम पाहणाऱ्याला त्यावर काही विणता येईल असे वाटतच नाही. सुमारे दोन फूट लांबीच्या सागवानी पट्टीत एका ओळीत भोके पाडलेली असतात आणि प्रत्येक भोकात वीतभर उंचीची, करंगळीएवढ्या जाडीची लाकडी खुंटी सैलसर बसते. खुंटीच्या खालच्या टोकाशी आरपार छिद्र असते आणि त्यातून ओवलेला दुहेरी दोरा हाच ताणा. लोकरीचा जाड पेळू, म्हणजे हलका पीळ दिलेली वात, या खुंट्यांमधून एकीच्या पुढून, दुसरीच्या मागून असा नागमोडी फिरवत न्यायचा. खुंट्या वरपर्यंत भरल्या की त्या एकेक करून उपसायच्या, विणलेला भाग खाली दोऱ्यांवर उतरवायचा आणि खुंट्या पुन्हा जागेवर बसवायच्या. चरखा, धोटा, फणी यांपैकी काहीही लागत नाही. आमच्या श्रीवर्धन तालुक्यातल्या घरी पडवीतल्या बाकावर हा माग गेल्या दिवाळीपासून चालू आहे, आणि एवढ्या महिन्यांनंतर माझे मत असे झाले आहे की मागाची फारशी काळजी करू नये. लोकर आणि ताण्याचा दोरा यांची मात्र करावी, कारण कोकणातल्या दमट हवेत विणलेली वस्तू टिकणार की नाही हे त्या दोहोंवर ठरते.

लोकरीसाठी आम्हाला लांब जावे लागले नाही. दिवाळीनंतर घाटावरचे मेंढपाळ कळप घेऊन कोकणात उतरतात आणि भातकापणी झालेल्या शेतांत खतासाठी मेंढ्या बसवतात, हे रायगडात सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या मेंढ्या बहुतेक दख्खनी जातीच्या, काळ्या-करड्या. वर्षातून दोनदा कातरूनही एका मेंढीची लोकर जेमतेम अर्ध्या किलोच्या आसपास निघते, आणि तिला मिळणारा भाव एवढा पडला आहे की पुष्कळदा कातरणीची मजुरीही सुटत नाही आणि लोकर तिथेच टाकून दिली जाते. ज्या लोकरीवर सनगरांच्या पिढ्यान्‌पिढ्या घोंगड्या विणल्या गेल्या, तिची ही अवस्था पाहून मला मनापासून वाईट वाटते. म्हणूनच टाकाऊ आहे म्हणून ती फुकट मागू नये. किलोमागे रास्त पैसे द्यावेत आणि पोटाखालची, मळकी लोकर वेगळी काढून देण्याची विनंती करावी. दोन फूट रुंद आणि तीन फूट लांब बसकराला न धुतलेली लोकर साधारण दोन किलो लागते, म्हणजे चार-पाच मेंढ्यांचे वर्षाचे उत्पन्न एका बसकरात जाते.

ही लोकर जाड, राठ आणि आखूड असते. परदेशी मेंढ्यांची लांब लोकर न पिंजता, हाताने नुसती ओढून या मागावर विणतात; दख्खनी लोकरीचा तसा पेळू खुंटीला वळसा घेतानाच तुटतो. तिला आधी हाताने नीट पिंजावे लागते, कुसळे, गोखरू आणि लेंड्यांचे कण वेचावे लागतात, आणि मग मांडीवर किंवा दोन तळव्यांमध्ये हलका पीळ देत अंगठ्याएवढ्या जाडीचा पेळू वळावा लागतो. पीळ जास्त झाला तर बसकर कडक होते, कमी पडला तर पायाखाली केस सुटत राहतात. पेळूचे टोक सोडताच तो अर्धा वळसा उलगडून थांबला, तर पीळ योग्य बसला असे समजावे. पिंजताना धूळ बरीच उडते, म्हणून हे काम अंगणात, तोंडाला फडके बांधून करणे बरे.

धुण्याबद्दल सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तिथेच लोकर बिघडते. दख्खनी लोकरीत नैसर्गिक तेलकटपणा कमी आणि माती जास्त असते. ती रात्रभर साध्या गार पाण्यात बुडवून ठेवली की घामाचे क्षार आणि बरीचशी माती सुटते. हे पाणी आम्ही माडाच्या आळ्यात ओततो, कारण त्या क्षारांत पोटॅश असते. त्यानंतर हात सोसेल एवढ्या कढत पाण्यात रिठ्याचा फेस करून लोकर त्यात नुसती दाबायची. चोळायची नाही, ढवळायची नाही आणि कढत पाण्यातून काढून एकदम गार पाण्यातही टाकायची नाही. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात; उष्णता, ओल आणि हालचाल एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि लोकरीचा घट्ट गोळा होतो, जो पुन्हा सुटत नाही.

ताण्यासाठी तीन प्रकारचे दोरे वापरून पाहिले. जाळी विणायचा नायलॉन दोरा आमच्या किनाऱ्यावर सहज मिळतो आणि कुजत नाही, पण तो गुळगुळीत असल्याने लोकर त्यावर सरकते आणि मधे फटी पडतात. जाड सुती दोऱ्यावर वीण सर्वांत सुबक बसते. मात्र आषाढात त्याच्या गाठींवर काळे ठिपके धरले. काथ्याची बारीक दोरी हाताला टोचते आणि छिद्रातून ओवताना त्रास देते, तरीही दारातल्या बसकरासाठी मी तीच सुचवीन, कारण काथ्या ओलीत लवकर कुजत नाही आणि त्याचा खरखरीतपणा लोकरीला जागेवर धरून ठेवतो. खाटेजवळच्या किंवा देवघरातल्या बसकराला सुती ताणा पुरेसा आहे.

मागाबद्दल तक्रारी दोनच. हा माग हस्तकलेचे साहित्य विकणाऱ्या एका दुकानातून मागवला होता आणि त्याच्या खुंट्यांमधील छिद्रांच्या कडा घासलेल्या नव्हत्या. त्या कडांनी सुती दोरा कातरला जात असे. बारीक पॉलिश पेपर गुंडाळून छिद्रात फिरवल्यावर ते थांबले. दुसरी अडचण मृगानंतर आली. हवेतल्या ओलीने लाकूड फुगले, खुंट्या भोकांत घट्ट रुतल्या आणि उपसताना दोन मोडल्या. उरलेल्या घासून त्यांना मेण लावले, आणि मोडलेल्यांच्या जागी सिंधुदुर्गातून आणवलेल्या माणग्याच्या काठ्या बसवल्या. माणग्याचा बांबू जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे त्याला छिद्र पाडले तरी तो चिरला नाही.

वापराबद्दल सांगायचे तर, पावसाळ्यात फरशी पायाला गार लागते आणि घरात सतत ओले पाय येतात, अशा वेळी या बसकराचे मोल कळते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी ओल शोषते, तरी हाताला ओली लागत नाही. सुरुवातीचे काही आठवडे केस गळतात, पुढे पायांच्या दाबाने वीण आपोआप घट्ट होते. सततच्या झडीत मेंढीचा वास पुन्हा जाणवतो. श्रावणातले ऊन मिळाले की तो जातो. राठ केस उघड्या अंगाला टोचतात, त्यामुळे तान्ह्या मुलाला यावर निजवू नये. घोंगडीची अपेक्षाही याच्याकडून करू नये, कारण घोंगडी कातलेल्या सुताची, चिंचोक्याची खळ लावलेली आणि दाट विणीची असते, तर हे जाड आणि पोकळ असते. कसर लागण्याचे भय रोज वापरातल्या बसकराला फारसे नाही. कपाटाखाली, अंधारात गुंडाळून ठेवलेल्याला मात्र ती हमखास लागते, म्हणून ठेवणीतल्या बसकरात वेखंडाची पुडी घालावी आणि महिन्यातून एकदा ते उलगडून झटकावे.

कुणाला हा माग करून घ्यायचा असेल तर गावातल्या सुताराकडूनच करून घ्यावा, भोके खुंटीपेक्षा किंचित मोठी पाडायला सांगावीत आणि दोन खुंट्यांच्या मध्यांत इंचभर अंतर ठेवावे. लोकर मात्र माघातच सांगून ठेवावी, कारण शिमगा झाला की कळप घाटाकडे वळू लागतात.