एकच गाडी: कॅम्परव्हॅन की गोल्फ?

जर्मनीत दोन मुलांसह राहणाऱ्या आमच्यासारख्यांना हा प्रश्न पडतोच: फोक्सवागन कॅलिफोर्निया टी६.१ ही कॅम्परव्हॅनच (आत झोपायची नि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) घरची एकमेव गाडी ठेवायची, की फोक्सवागनचीच छोटी गोल्फ घेऊन सुट्टीपुरती कॅम्परव्हॅन भाड्याने आणायची?

लांबीचा बाऊ करू नका. कॅलिफोर्निया साधारण ४.९ मीटर, गोल्फ ४.३. खरी अडचण उंचीची. वर उघडणारं छप्पर मिटलेलं असतानाही ती १.९९ मीटर भरते. पार्किंग गॅरेजच्या तोंडाशी २ मीटरची पाटी दिसली की मी अजूनही श्वास रोखूनच गाडी आत घालते. जुन्या गॅरेजांमध्ये तर जाताच येत नाही. गोल्फला हा प्रश्नच नाही, शिवाय डिझेल-पेट्रोलही कमी लागतं.

पण शनिवारी पोहण्याच्या क्लासनंतर मुलं ओल्या केसांनी कुडकुडत येतात, तेव्हा सरकता दरवाजा लावून आत कपडे बदलायचे, दोन शेगड्यांपैकी एकीवर दूध तापवायचं, हे सुख गोल्फमध्ये नाही. पाऊस असला तरी कुणाची घाई होत नाही.

एक मात्र नीट तपासा. स्वयंपाकाचा ओटा असलेल्या ओशन मॉडेलमध्ये बसायच्या जागा चारच. पुण्याहून आजी-आजोबा आले की दोघं ट्रेनने. गोल्फमध्ये निदान पाच जण मावतात.

महिन्यातून दोनदा तरी बाहेर मुक्काम होत असेल, तर मी कॅलिफोर्नियाच घ्या म्हणेन. वर्षातून एकच सहल होत असेल, तर गोल्फ घ्या आणि व्हॅन भाड्याने आणा.