भातशेतीचा वर्ग: पोराला पाठवावं का? (पाचपैकी साडेतीन तारे)

अकोले तालुक्यात राजूरच्या पुढे आमची भात कांडायची गिरणी आहे, सासऱ्यांनी टाकलेली. त्यामुळे कुणाच्या खाचरात (भाताच्या शेतात) काय पिकलं ते मला पोतं उघडताच कळतं. माझ्या थोरल्याला मात्र बारावी होऊनही रोप आणि गवत यातला फरक सांगता येत नव्हता. जूनमध्ये शेजारच्या वाडीतल्या शेतकरी गटानं तरुण पोरांसाठी सात रविवारांचा वर्ग काढला. फी 300 रुपये, दुपारचं जेवण त्यातच. याला हाताला धरून नेलं. गिरणी रविवारी दुपारपर्यंत बंदच असते, म्हणून मीही बांधावर बसून राहिले. आमच्या शाळेच्या ग्रुपवर तिघीजणींनी विचारलं, "पुढच्या वर्षी पाठवू का?" म्हणून हे लिहितेय.

पहिला रविवार सगळ्यात चांगला गेला. बादलीत 10 लिटर पाणी, त्यात 300 ग्रॅम मीठ, तराजूवर मोजून. त्यात भाताचं बी ओतलं की पोचट दाणे वर येतात, ते काढून टाकायचे. खाली बसलेलं बी साध्या पाण्यानं दोनतीनदा धुऊन सावलीत वाळवायचं. घरचं बी ठेवणाऱ्यांनी एवढं एक केलं तरी पुष्कळ. आमच्याच घरचं बी पोरानं आणलं होतं आणि त्यातलं इतकं वर तरंगलं की मला मान खाली घालावी लागली. मी वर्षानुवर्षं सुपानं पाखडून ते 'निवडलेलं बी' म्हणून ठेवत आले होते!

मग निघाली माझ्या गिरणीच्या तुसाची, म्हणजे भाताच्या टरफलांची गोष्ट. शिकवतात ती भातशेतीची चारसूत्री पद्धत, कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंतांची. तिचं पहिलं सूत्र म्हणजे भाताचं जे उरतं ते भातालाच परत द्यायचं. तूस जाळायचं, पण पांढरं होऊ द्यायचं नाही. काळी राख असतानाच विझवायची आणि रोपांच्या गादीवाफ्यावर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळायची. त्या राखेत सिलिका असतं, रोप ताठ होतं. गिरणीमागे ढीग लावून आम्ही जे दरवर्षी पेटवून देतो, ते हे. आमच्या भागात मार्च-एप्रिलपासून राब भाजतात, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात. वाडीतल्या दोन म्हाताऱ्या बघायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, राब न भाजता पेरलं तर गवतातून रोप शोधत बसाल. शिकवणारा हसला. तिसऱ्या आठवड्यात वाफ्यात खरंच गवत माजलं आणि सगळी पोरं उकिडवी बसून ते उपटत होती. म्हाताऱ्या काही बोलल्या नाहीत, फक्त रोज येऊन बघून जायच्या.

दुसरं सूत्र हिरवळीच्या खताचं: गिरिपुष्प या झाडाचा पाला गुंठ्याला 30 किलो, चिखलणीच्या आठवडाभर आधी. हे काम पोरांनी आवडीनं केलं, कारण त्यात कोयता होता.

तिसरं-चौथं सूत्र आवणीचं, म्हणजे रोपलावणीचं. तो रविवार मात्र बघण्यासारखा. दोरीला 15 आणि 25 सेंटीमीटरवर आलटून पालटून खुणा केलेल्या, दोन टोकांना दोघं धरून. खुणेवर दोनतीन रोपांचा चूड लावायचा. चार चुडांचा छोटा चौकोन झाला की त्याच्या मधोमध युरिया-डीएपी खताची एक गोळी बोटानं चार बोटं खोल दाबायची. वर फेकलेला युरिया पावसात वाहून जातो, ही मुळाशी हळूहळू विरघळते. एका गुंठ्याला 625 गोळ्या लागतात. गटानं आणल्या निम्म्या! उरलेल्यांसाठी राजूरला माणूस पळवला, तर दुकानात एकही नव्हती. मग निम्म्या खाचरात गोळी आणि निम्म्यात फेकून युरिया. शिकवणाऱ्यानं लगेच त्याला 'तुलनात्मक प्रयोग' असं नाव दिलं. माणूस हुशार आहे.

तक्रार माझी इथून सुरू होते. आमच्याकडे आवणी बायका करतात. सावडीनं, म्हणजे एकमेकींच्या शेतात आळीपाळीनं गेलो तर दहाबारा जणी वाकून सरळ मागे सरकत जातो, हात थांबत नाही. दोरीवर तेच काम तीनपट वेळ खातं. मला दोन तास धीर धरवला, मग पदर खोचून मी चिखलात उतरले आणि दाखवलं की दर ओळीला दोरी उचलून ठेवण्यापेक्षा दोन दोऱ्या आळीपाळीनं वापरा. तेवढ्यानं वेग वाढला. पण खरा प्रश्न तसाच राहिला: मजुरीनं आवणी करणाऱ्या बाईला दिवसाचा रोज दिला आणि खाचर अर्धंच झालं, तर तो खर्च कुठून काढायचा? सात रविवारांत एकदाही हिशेबाची वही उघडली नाही. बियाणं कितीला, गोळ्या कितीला, मजुरी किती, एका गुंठ्यामागे हातात काय राहिलं, हे पोराला कळलं नाही तर तो दोरी धरेल कशाला? शिकवणारे चारही पुरुष, 22 पोरांत मुली फक्त पाच. ज्यांच्या कमरेवर ही शेती उभी आहे त्यांना कुणी विचारलं नाही. मुलींना शौचाला शेजारच्या घरात जावं लागायचं. हे आधीच बघून ठेवता आलं असतं.

परसबागेचा रविवार तर वाया. कोंभाळणे आमच्याच तालुक्यातलं, तिथल्या राहीबाई पोपेरेंना गावरान बियाणं सांभाळलं म्हणून 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आणि इथे आमच्या हातात काय दिलं? भेंडी-पालकाच्या संकरित बियांची चकचकीत पाकिटं! त्या पिकाचं बी पुढच्या वर्षासाठी ठेवून चालत नाही, हेही कुणी सांगितलं नाही. मी घरून वालाच्या शेंगा आणल्या होत्या, पोरींनी त्याच मागून नेल्या. सहाव्या रविवारी पाहुण्यांचं जीवामृतावर (शेण-गोमूत्राच्या खतावर) दीड तास भाषण, त्यात निम्मी पोरं मोबाइलवर. सातव्याला सर्टिफिकेट, फोटो आणि वडापाव.

आता फायद्याचं. पोरानं घरच्या तीन गुंठ्यांत स्वतः दोरीनं आवणी केली, वडलांशी भांडून. दिवाळीनंतर ते भात वेगळं झोडलं, वेगळं वाळवलं. ओंब्या भरलेल्या होत्या, पोतं हाताला जड लागलं. पाऊसही यंदा वेळेवर होता, त्यामुळे सगळं श्रेय मी दोरीला देणार नाही. मात्र त्यानं ते उन्हात चार दिवस जास्तच तापवलं आणि कांडताना इंद्रायणी तांदळाची कणीच कणी पडली, सगळा तुकडा. वाळवण किती करायचं हे वर्गात कुणी शिकवत नाही, कारण वर्गातलं भात आवणीलाच संपतं. दाणा दाताखाली कट्‌ वाजला की बास, हे मी त्याला गिरणीत उभं करून दाखवलं.

तर पाठवा. भाताचे रविवार नक्की, बाकीचे पोराच्या मर्जीवर. मुलीला पाठवणार असाल तर दोघीतिघींनी मिळून पाठवा आणि शौचालयाचं आधी विचारून घ्या.

पुढच्या बॅचच्या पत्रकात 'साहित्य मोफत' असं छापलंय म्हणे. त्यातलं तूस माझं होतं, सहा पोती. या वेळी गटाच्या अध्यक्षांना निरोप पाठवलाय: तूस मिळेल, पण पोत्यामागे वीस रुपये पडतील, आणि ती नोंद पोरांच्या हिशेबाच्या वहीत पहिल्या ओळीत घालायची.