बी फॉर्मच्या नावाखाली 3,29,400 रुपयांची फसवणूक: उंच इमारतींच्या सोसायट्यांनी सावध राहावे

आमच्या बावीस मजली इमारतीची अग्निशमन यंत्रणा दुरुस्त करून देतो असे सांगून एका माणसाने सोसायटीचे 3,29,400 रुपये नेले आणि त्या बदल्यात बनावट बी फॉर्म (अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र), वरून रंग फासलेले पंप आणि आत घट्ट गोळा झालेल्या पावडरीचे सिलिंडर आमच्या माथी मारले. मानद सचिव या नात्याने त्या चेकवर माझी सही आहे, त्यामुळे हे लिहिताना शरम वाटते. परंतु ठाण्यात घोडबंदर रोडवर मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत अशा उंच इमारती ओळीने उभ्या आहेत आणि हा माणूस अजून मोकळा फिरतो आहे, म्हणून लिहिणे भाग आहे.

हे लोक कोणत्या दिवसांत येतात हे बहुतेक पदाधिकाऱ्यांना ठाऊक आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, म्हणजेच बी फॉर्म, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन अधिकाऱ्यांकडे दाखल करावे लागते. जून उजाडला की यांचे फोन सुरू होतात. आमच्याकडे आलेल्या गृहस्थाच्या अंगात खाकी शर्ट होता, हातात परवान्याची रंगीत प्रत होती आणि तोंडी अग्निशमन दलातल्या अधिकाऱ्यांची नावे होती. जानेवारी 2022 मध्ये ताडदेवच्या वीस मजली इमारतीला लागलेल्या आगीची आठवण त्याने कमिटीच्या बैठकीत काढली, तिथली यंत्रणा बंद होती हेही सांगितले, आणि तुमच्या सोसायटीवर नोटीस निघाली तर पाणी आणि वीज तुटेल, अशी भीती घातली. कोणताही सरकारी अधिकारी स्वतः कंत्राट घ्यायला येत नाही. खाकी शर्ट पाहून कोणालाही आत घेऊ नका.

त्याचे बिल असे होते. 56 सिलिंडरचे रिफिलिंग व प्रेशर टेस्ट, प्रत्येकी 950 प्रमाणे 53,200 रुपये. प्रत्येक मजल्यावर दोन याप्रमाणे 44 नवे होज पाइप, प्रत्येकी 2,800 प्रमाणे 1,23,200 रुपये. मुख्य पंप, जॉकी पंप (पाइपमधला दाब टिकवून ठेवणारा छोटा पंप) आणि डिझेल पंपाची दुरुस्ती, जीएसटी धरून 1,18,000 रुपये. बी फॉर्मचे 35,000 रुपये. सगळे पैसे चेकने दिले, प्रत्येक चेकची नोंद आहे, आणि तरीही आज सर्वसाधारण सभेत मलाच हिशेब विचारला जातो.

संशय यावा असा क्षण एकच होता आणि तो माझ्या डोळ्यांसमोर घडला. सकाळी अकराच्या सुमारास छप्पन सिलिंडर टेम्पोत भरून नेले आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाचला ते चकचकीत होऊन, नव्या तारखेची स्टिकरे लावून परत आले. प्रेशर टेस्ट म्हणजे सिलिंडर रिकामा करायचा, पाण्याने भरून दाबाखाली तपासायचा, मग आतून पूर्ण कोरडा करून नवी पावडर भरायची, कारण थोडीही ओल राहिली तरी पावडरीचे गोळे होतात. छप्पन नगांचे हे काम सहा तासांत कसे उरकेल? ते उतरवून घेताना आमचा वॉचमन म्हणालाही, “मॅडम, यांनी आतलं काही बदललेलं दिसत नाही. तळाशी तेच जुने पोपडे आहेत, त्यावरच रंग मारलाय.” मी त्या गृहस्थाला विचारले, तेव्हा दोन कारखान्यांत काम वाटून दिल्याचे त्याने सांगितले. ते उत्तर मी ऐकून घेतले, याचा संताप आजही जात नाही.

येथे काही गोष्टी स्पष्ट सांगते, कारण आमच्या इमारतीत परस्पर निष्कर्ष काढले जात आहेत. पदाधिकाऱ्यांना मानधन नाही, नोकरी सांभाळून आम्ही हे काम करतो. बिल्डरने यंत्रणेचे नकाशे आणि पंपांची कागदपत्रे कधीच दिली नाहीत, आधीच्या ठेकेदाराने करार अर्धवट सोडला होता आणि जुलैची मुदत तोंडावर होती. आम्ही नियमाप्रमाणे तीन कोटेशन घेतली. ती तिन्ही एकाच माणसाने निरनिराळ्या लेटरहेडवर पाठवली होती, हे पोलिसांत देण्यासाठी कागद शेजारी शेजारी मांडले तेव्हा कळले. तिन्हींवरचे जीएसटी क्रमांक पोर्टलवर तपासायला पाच मिनिटे लागतात. त्यातले दोन रद्द झालेले होते. कोटेशन देणाऱ्याच्या कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन या, आणि दुसरे व तिसरे कोटेशन पहिल्याच माणसाला आणायला सांगू नका.

प्रकार उघड झाला तो मीटर रूममध्ये शॉर्टसर्किट झाले तेव्हा. इलेक्ट्रिशियनने जवळचा सिलिंडर उचलून पिन काढली, तर नुसता वायू फुसफुसला, पावडर आलीच नाही. मेन स्विच वेळीच बंद केल्यामुळे धुरावर निभावले. 101 वर फोन केल्यानंतर आलेल्या जवानांनी वरच्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह उघडून पाहिला, तेव्हा दाब कमी होताच आपोआप सुरू व्हायला हवा तो पंप सुरूच झाला नाही. त्याचे पॅनेल मॅन्युअलवर होते आणि डिझेल पंपाची बॅटरी मेलेली होती. नंतर खऱ्या परवानाधारक संस्थेने सिलिंडर उघडून दाखवले, तेव्हा आत जुनीच पावडर तळाशी घट्ट बसलेली होती. नवे म्हणून दिलेल्या होज पाइपांवरचा आयएसआयचा शिक्का ओल्या फडक्याने पुसला गेला. बावीस मजल्यांवर राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा आणि लहान मुलांचा जीव त्याने पैशासाठी पणाला लावला.

बी फॉर्मवरचा परवाना क्रमांक खरा होता, पण तो भलत्याच संस्थेचा. परवानाधारक संस्थांची यादी महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाच्या संकेतस्थळावर असते. त्या यादीतल्या नंबरवरच फोन करा, समोरच्याने दिलेल्या कार्डावरच्या नंबरवर नाही. आम्ही फोन केला तेव्हा त्या संस्थेने हा माणूस आमचा नाही असे लेखी कळवले.

एवढे पुरावे घेऊन आम्ही पोलीस ठाण्यात गेलो, तर हा दिवाणी स्वरूपाचा व्यवहार आहे, काम नीट झाले नाही तर ग्राहक मंचात जा, असे सांगण्यात आले. बनावट प्रमाणपत्र आणि दुसऱ्याचा परवाना क्रमांक वापरणे हा दिवाणी व्यवहार कसा होतो, याचे उत्तर कोणी दिले नाही. मग आरोपीचे बँक खाते दुसऱ्या हद्दीत असल्याचे कारण पुढे आले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द न पाहता माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे आमच्या वकिलांनी दाखवल्यावरही गुन्हा दाखल झाला नाही, केवळ अर्जावर शिक्का मिळाला. अग्निशमन कार्यालयाने परवाने आम्ही देत नाही असे म्हणत वरच्या कार्यालयाकडे बोट दाखवले, वरच्या कार्यालयाने हा माणूस परवानाधारकच नसल्यामुळे आपण कारवाई करू शकत नाही असे कळवले, आणि सहकार खात्याने हा सोसायटीचा अंतर्गत प्रश्न ठरवला. यावर कडी म्हणजे बनावट प्रमाणपत्र दाखल केल्याबद्दल खुलासा मागणारी नोटीस आम्हालाच आली! ते प्रमाणपत्र अग्निशमन कार्यालयाने स्वीकारून पोहोच दिली होती. परवाना क्रमांकासमोरचे नाव आणि फॉर्मवरचे नाव जुळते का, एवढे तिथे कोणी पाहिले असते तरी चोर त्याच आठवड्यात सापडला असता. लुबाडलेल्यांना जाब विचारणारी ही तत्परता चोराच्या बाबतीत कुठे जाते?

आता आम्ही पुढील काम वेगळ्या पद्धतीने देत आहोत. प्रत्येक सिलिंडरवर कोरलेला आमचा क्रमांक असेल, जुनी पावडर आमच्यासमोर बाहेर काढली जाईल, भरल्यानंतर वजन होईल आणि आम्ही निवडू तो एक सिलिंडर आवारात चालवून दाखवावा लागेल. पावडरच्या सिलिंडरची प्रेशर टेस्ट दर तीन वर्षांनी करायची असते. दरवर्षी तिचे पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. गच्चीवरच्या हायड्रंटवर गेज लावून दर चौरस सेंटीमीटरला किमान साडेतीन किलोचा दाब दिसेपर्यंत पंपाच्या बिलातला एक रुपयाही देऊ नका.

भारतीय न्याय संहितेचे कलम 318 आणि बनावट दस्तऐवजांची कलमे लावून गुन्हा नोंदवण्याचा आदेश मिळावा, यासाठी आम्ही न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करत आहोत. ज्या सोसायट्यांकडे खाकी शर्टातल्या माणसाने दिलेला बी फॉर्म असेल त्यांनी त्यावरचा परवाना क्रमांक आजच तपासावा, आणि तो खोटा किंवा भलत्याच संस्थेचा निघाल्यास फॉर्मची प्रत, चेकचे तपशील व बँकेचे विवरण यांसह आपल्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन शिक्क्याची पोहोच घ्यावी. अशा आणखी तक्रारी नोंदल्या गेल्या, तर हा दिवाणी व्यवहार आहे असे म्हणणे पोलिसांना कठीण जाईल.