आठ महिने तबल्याचा खासगी क्लास: सर उत्तम, फक्त हातोडी हातात देत नाहीत

गेल्या आठवड्यात पुडी (तबल्याचं कातडी तोंड) गेली. वाजवताना नाही, लावताना, म्हणजे हातोडीने ठोकून सुरात आणताना. गजऱ्याला (कडेच्या गोफाला) लागून चाट (कडेची कातडी पट्टी) फाटली, आणि तीही नेमकी त्याच घरापाशी (गजऱ्याच्या सोळा भागांपैकी एकापाशी), जे सतत उतरायचं आणि ज्यावर दर वेळी हातोडी पडायची. पुडी बसवणाऱ्या कारागिराने एका नजरेत सांगितलं: समोरच्या बाजूची घरं कधी हललीच नाहीत, सगळा ताण एकीकडे. म्हणजे आठ महिन्यांच्या फीमध्ये ठेके (तालांचे मूळ बोल) आले, कायदे (विस्तार करत वाजवायच्या रचना) आले, पण ज्या वाद्यावर ते वाजवायचे ते सुरात ठेवायला काही आलं नाही. तेव्हा हा अनुभव क्लासचा असला तरी यात हातोडी वाजवीपेक्षा जास्त येणार. तबला, डग्गा, चुंबळ वगैरे ओळखीचं आहे असं धरून लिहितोय.

आठपैकी पहिले अडीच महिने पाच जणांची बॅच, नंतर साडेपाच महिने आताच्या सरांकडे एकट्याची शिकवणी. बॅचची फी जवळपास निम्मी, म्हणून आधी तीच परवडणारी वाटली. ती परवडणारी नव्हती. एका खोलीत पाच तबले, पाच वेगवेगळ्या पट्ट्यांत. त्या गलक्यात कोणाचा ‘ना’ हा बोल बंद येतोय आणि कोणाचा खुला, हे तिथल्या सरांना कळायला वाव नाही. ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या (पुडीवरच्या काळ्या गोलाच्या) कडेला टेकलेली राहायला हवी. ती टेकली की पुडीचा मूळ जाड आवाज दबतो आणि चाटेवरच्या तर्जनीचा स्वच्छ सूर वर येतो. नवशिक्या लय वाढली की नकळत अनामिका उचलतो. ‘ना’ मग टणक लागायच्या ऐवजी डबडबीत लागतो, आणि तो जोर कमी पडल्यामुळे लागतोय असं समजून माणूस तर्जनी आणखी आपटतो. दोन महिने असं आपटून बोटाच्या पेराला गाठ आली, आवाज तसाच. एकट्याच्या शिकवणीत दुसऱ्याच दिवशी सरांनी अनामिकेवर स्वतःचं बोट ठेवून दाबून धरलं आणि दहा मिनिटांत ‘ना’ बदलला. अर्ध्या फीच्या क्लासमध्ये अडीच महिने घालवून नंतर ती सवय मोडायला महिना गेला, तर स्वस्त काय पडलं?

शिक्षक शोधताना बहुतेक जण दोनच गोष्टी विचारतात: घरापासून किती लांब आणि फी किती. त्यापेक्षा पहिल्या भेटीत हात बघून घ्या. ‘तिट’ हा बोल कोणत्या बोटांनी शिकवतात? दिल्ली बाजात (वादनशैलीत) ‘ति’ मधल्या बोटाने आणि ‘ट’ तर्जनीने. पूरबकडच्या बाजात ‘ति’ला मधलं बोट, अनामिका आणि करंगळी जोडून. दोन्ही बरोबर. पण वर्षभर एका पद्धतीने बसलेला हात दुसरीकडे न्यायचा तर निकास (बोल काढायची पद्धत) मुळापासून बदलावा लागतो, आणि नवे शिक्षक आधीच्याला चूक म्हणतात ते वेगळंच. म्हणून शिक्षक बदलायचे असतील तर तीन महिन्यांच्या आत बदला.

दुसरं, वही. हे कोणी सांगत नाही आणि पहिल्याच महिन्यात घोळ होतो. ताल लिहायच्या भातखंडे पद्धतीत समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) × आणि कालाला (जिथे टाळीऐवजी हात उलटा करतात) 0 लिहितात. पलुस्कर पद्धतीत समेला 1 आणि कालाला +. घाईत लिहिलेला + आणि × सारखेच दिसतात, पण एकीकडे ती सम असते आणि दुसरीकडे काल! बॅचमधली वही भातखंडेची, आताचे सर पलुस्करचे. त्यामुळे तीनतालात 9 व्या मात्रेवर टाळी द्यायची की हात उलटा करायचा, यावर आठवडाभर गोंधळ. वहीच्या पहिल्या पानावर कोणती पद्धत ते मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका अशा परीक्षांना बसायचं असेल तर तेही सरांना सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. परीक्षा डोळ्यांपुढे असली की ठेके, व्याख्या आणि लिपी आधी येतात, हाताची बैठक मागे पडते.

आता हातोडी.

तासाच्या शिकवणीत पहिली बारा-पंधरा मिनिटं सर तबला लावतात. शांतपणे, सुरेख लावतात, बघायला आवडतं. तिसऱ्या महिन्यापर्यंत माझंही मत होतं की ही तर वर मिळणारी सोय आहे, आयता लावलेला तबला मिळतोय. मग एकदा हिशेब मांडला. आठवड्याला दोन शिकवण्या, प्रत्येकी बारा मिनिटं धरली तरी महिन्याला 96 मिनिटं. आठ तासांच्या फीपैकी दीड तासाहून जास्त हातोडीचे. इतक्या वेळात ती शिकवून संपली असती. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘आधी कान तयार होऊ दे.’ मात्र कान तयार व्हायचा तो तबला लावूनच, आणि घरी आठवड्याचे पाच दिवस उतरलेल्या तबल्यावर रियाज केला तर कान तयार होतो तो उतरलेल्या सुराला.

ज्यांच्या सरांचंही असंच आहे त्यांच्यासाठी, कारागिराकडून पुडी बसवताना जे समजून घेतलं ते.

आधी पट्टी, म्हणजे तबला कोणत्या सुरात लावायचा ते. पुडीचा व्यास मोजा. साधारण सव्वापाच-साडेपाच इंची पुडी काळी एक, पांढरी एकला (पेटीच्या पट्ट्या) खुलते, सहा इंची त्याखालच्या पट्ट्यांना. पावणेसहाची पुडी काळी दोनपर्यंत ताणली तर दोन दिवस छान वाजेल आणि मग फाटेल. तानपुऱ्याच्या ॲपवर सा सुरू ठेवा, पण फोन तबल्यापासून हातभर लांब, नाहीतर दोन्ही आवाज मिसळतात.

घरं 16, गठ्ठे (वाद्यांखाली खोचलेले लाकडी ठोकळे) 8. फरक अर्ध्या सुरापेक्षा जास्त असेल तर गजऱ्याला हात लावायचा नाही. आधी गठ्ठे. गठ्ठा वरून ठोकून खाली सरकवला की सूर चढतो, कारण खोड (तबल्याचं लाकडी अंग) खाली रुंद असतं आणि वादी (पुडी ताणणारी चामड्याची पट्टी) आणखी ताणली जाते. एका गठ्ठ्याला ठोकलं की पुढचा ठोका समोरच्या गठ्ठ्याला. नेमकं हेच माझ्याकडून झालं नव्हतं. जे घर बेसूर वाटायचं तेच ठोकत राहिलो, आणि समोरचं घर ढिलं असल्यामुळे ते दोन दिवसांत परत उतरायचं.

गठ्ठ्यांनी सूर जवळ आला की गजरा. हातोडी उभी, ठोका वरून सरळ खाली, गजऱ्याच्या गोफावर. सूर उतरवायचा तर खालून वर. प्रत्येक ठोक्यानंतर त्याच घराजवळ चाटेवर ‘ना’, मग समोरच्या घराजवळ ‘ना’. हातोडी तिरकी लागून चाटेवर घसरली की तिथे बारीक चीर पडते. ती महिनाभर दिसत नाही, कोरडी हवा सुटली की दिसते. आणि बंद गाडीत उन्हात तबला ठेवू नका, कातडं सुकून आवळतं आणि चढ्या सुरात असलेली पुडी जागच्या जागी तडकते. पावसाळ्यात उलट, हवेतल्या दमटपणाने सूर उतरतो, तेव्हा गठ्ठे ठोकून चढवलेला तबला हिवाळा आला की आधी उतरवून घ्यायला हवा.

सगळी घरं जुळली की कळतं कसं? ‘ना’ आणि ‘तिं’ यांचा सूर एकमेकांत बसतो, आस (मागे रेंगाळणारा नाद) लांबते आणि आवाजातली ती थरथर नाहीशी होते. शाईमुळे तबल्याचे उपस्वर तारेच्या वाद्यांसारखे सुरेल प्रमाणात येतात. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 1920 साली ‘नेचर’मध्ये हे मांडलं होतं. मात्र एक-दोन घरं जरी सैल असली तरी ते प्रमाण बिघडतं आणि कितीही चांगला हात असो, ‘तिं’ फुटका वाजतो. नवशिक्याला वाटतं बोट चुकतंय. अर्ध्या वेळा बोट चुकत नसतं, घर चुकत असतं.

डग्ग्याचा इतका त्रास नाही. त्याला एखाद्या पट्टीत नेमका बसवायची गरज नसते, चहूबाजूंनी ताण सारखा आणि घुमारा मोकळा हवा. मनगटाचा दाब सरकवून ‘घे’ला मींड येते, म्हणजे सूर घसरत जातो, ती आली तर डग्गा ठीक आहे. शाईला मात्र ओला हात लावू नका. घाम येत असेल तर हाताला पावडर, पण तीही थोडीच, भसाभस ओतून शाईच्या भेगांत भरू नका.

मधले तीन आठवडे क्लास ऑनलाइन होता, त्याबद्दलही मत बदललं. सुरुवातीला ‘पैसे वाया’ असंच वाटलं. व्हिडिओ कॉलमधली गोंगाट गाळायची सोय सततचा सूर गोंगाट समजून कापते, त्यामुळे तबल्याची आस अर्ध्यात तुटते, आणि फोनच्या स्पीकरवर डग्ग्याचा ‘घे’ पोचतच नाही. सेटिंगमध्ये मूळ आवाजाचा पर्याय सुरू केल्यावर बरंच सुधारलं. तरी आवाज पोचायला वेळ लागत असल्याने दोघांनी एकत्र वाजवणं शक्य नाही, लेहरा (तालाची आवर्तनं दाखवणारी सुरावट) विद्यार्थ्याच्या बाजूलाच वाजवावा लागतो. पण पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं? पढंत ऑनलाइन जास्त चांगली झाली. वाद्य बाजूला ठेवून तोंडाने कायदा, हातावर टाळी-काल, बराबरी मग दुप्पट. कुठे मात्रा खाल्ली हे लगेच पकडलं जातं. आता दोनपैकी एक शिकवणी पढंतीसाठी ऑनलाइनच ठेवली आहे. त्यात हातोडीची बारा मिनिटंही वाचतात!

मग क्लास चालू ठेवायचा का? ठेवला आहे. कारण शिकवणं खरंच चांगलं आहे. सर दिल्लीच्या ‘धाधा तिट’ कायद्याचे पलटे (बोल उलटसुलट करून केलेले विस्तार) पाठ करायला देत नाहीत, आपले आपण बांधायला लावतात, आणि चूक लय मिनिटाला 60 मात्रांवर असतानाच पकडतात, 120 वर गेल्यावर नाही. फक्त एक अट घातली: शिकवणीची सुरुवात त्यांनी तबला लावण्याने करायची नाही. मी घरून लावून आणणार, ते फक्त कोणतं घर चुकलंय ते सांगणार, ठोका माझा. पहिल्या दिवशी 25 मिनिटं गेली आणि सर वैतागले. चौथ्या दिवशी नऊ.

नवी पुडी अजून ताण घेतेय, रोज थोडी उतरते, ते साहजिक आहे. या काळात तिला एका दमात पूर्ण पट्टीत चढवू नका, अर्धा सूर खाली ठेवून दोन-तीन दिवसांत वर न्या. रियाजाआधी सोळा घरं वाजवून बघतो, उतरलेल्या घरावर खडूने बारीक खूण करतो, आणि पहिला ठोका त्याच्या समोरच्या घराला देतो.