जबड्याचा अ‍ॅक्टिनोमायकोसिस: सलाईननंतर अ‍ॅमॉक्सिसिलिन की डॉक्सिसायक्लिन?

अ‍ॅक्टिनोमायकोसिस म्हणजे तोंडात एरवीही असणाऱ्या एका जंतूमुळे जबड्यात होणारा, गाठ आणि पू करणारा संसर्ग. बायोप्सीत (गाठीचा तुकडा तपासून) निदान पक्कं झालं, कॅन्सर नाही टीबी नाही हे कळलं, की दुखणं जास्त असेल तर पहिला टप्पा बहुतेकांचा सारखाच, शिरेतून पेनिसिलिन, २ ते ६ आठवडे. त्यात आपण निवडण्यासारखं फार नसतं. प्रश्न येतो पुढच्या गोळ्यांचा, कारण त्या बऱ्याचदा ६ ते १२ महिने चालतात. हा जंतू सावकाश वाढतो आणि कडक झालेल्या गाठीत रक्तच कमी पोचतं, तर औषध कुठून पोचणार. (पू नीट काढला असेल, दुखणं थोडक्यात असेल तर डॉक्टर कमी दिवसांतही थांबवतात.)

मी दोन्ही घेतल्यात. डॉक्सिसायक्लिन दिवसातून दोनदाच, म्हणून आधी तीच बरी वाटली. उन्हात कातडी पटकन भाजते, दूध आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या लांब ठेवाव्या लागतात, तेवढं जमतं हो. पण ही गोळी ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जळजळ होते, कधी जखमही होते. आता जबडा आखडलाय, तोंड जेमतेम बोटभर उघडतंय, अशा माणसाने रात्री ग्लासभर पाणी घोट घोट करून संपवायचं आणि मग झोप आलेली असताना बसून राहायचं, हे रोज, कित्येक महिने! मला तरी ते झेपलं नाही, छातीत कायम आग, डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनीच बदलून दिली.

अ‍ॅमॉक्सिसिलिन (ही पेनिसिलिनच्याच जातीची) तीनदा घ्यावी लागते, दुपारचा डोस विसरायला होतो आणि पोट अधूनमधून बिघडतं, हे खरंय. पण जेवणाची अट नाही, आणि मुख्य म्हणजे ती पातळ सिरपमध्ये सहज मिळते, तोंड उघडत नसेल तर याचं मोल फार आहे. पेनिसिलिन व्ही (पेनिसिलिनचीच तोंडाने घ्यायची गोळी) पण आहे, पण चार वेळा आणि शक्यतो उपाशीपोटी, म्हणून मी तिच्या वाटेला गेलो नाही.

पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र डॉक्सिसायक्लिनच चांगला आधार आहे, फक्त गरोदरपणात नको. आणि दातांच्या पूसाठी सर्रास मिळणारी मेट्रोनिडाझोल या जंतूवर एकटी चालत नाही, घरात उरलेल्या असतील तर त्यांच्यावर भागवू नका. बाकी प्रत्येकाचं शरीर वेगळं, पण अ‍ॅलर्जी नसेल तर डॉक्टरांकडे आधी अ‍ॅमॉक्सिसिलिनचा विषय काढून बघा.